लांडग्यापुढे वाकलेली आई

शेजाऱ्यांचा भिजलेला हस्की कुत्रा लिफ्टमध्ये शिरला, की त्या ओल्या केसांच्या वासानं आजही मी कोपऱ्यात सरकते.

लहानपणी आम्ही अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात राहायचो. जवळच्या गावातल्या एका डॉक्टरांनी दवाखान्यामागे हौसेनं लांडगे पाळले होते. ते बघायला गेलो, तर जाळीचं दार उघडं राहिलेलं. पावसात भिजलेला एक लांडगा थेट माझ्यासमोर आला. आई मध्ये घुसली आणि गल्लीतल्या कुत्र्याला हाकलतात तशी दगड उचलायला वाकली. कुत्रा पळाला असता. लांडग्याला दगडाची धमकी कळलीच नाही; वाकलेल्या आईकडे तो आणखी जवळ आला.

"मॅडम, स्टँड अप. स्लोली," डॉक्टर कुजबुजले आणि त्याला मानेला धरून आत घेऊन गेले.

तेव्हा मी त्या पिवळ्या डोळ्यांना घाबरले होते. आता आईची मूठ आठवून थरकाप होतो. खाली नुसतं गवत होतं. मुठीत दगड नव्हताच, तरी ती माझ्यापुढून हलली नव्हती.