कंप्रेसर का बदलला?

चाकणला कारखान्यात माझं काम असं, की आमचा एखादा पार्ट गिऱ्हाईक कंपनीकडून परत आला की त्याला लाल टॅग लावायचा आणि तो का बिघडला ते शोधायचं. 'का' विचारायचं, उत्तर आलं की त्या उत्तरालाही 'का' विचारायचं. कारण सापडल्याशिवाय मी सही करत नाही. लाइनवरची पोरं म्हणतात, यम न्यायला आला तरी मॅडम त्याला आधी कारण विचारतील.

एका दुपारी काळेवाडीत, घरी, पप्पांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. पप्पांची फुप्फुसं फाउंड्रीच्या धुळीनं कामातून गेलेली. आईनं शेजाऱ्यांना हाका मारल्या, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, वाचले. मशीन वॉरंटीत होतं. कंपनीचा इंजिनिअर येऊन घेऊन गेला आणि दुरुस्त करून आणूनही दिलं, फुकटात. सगळे खूश, आई सोडून.

बंद पडलं त्याच दिवशी सकाळी तिनं मशीनच्या मागचा स्पंजचा फिल्टर धुतला होता आणि नीट वाळायच्या आत परत बसवला होता. "माझ्याच हातानं जीव घेतला असता त्यांचा," एवढंच म्हणायची. मशीनला हात लावायचीच बंद झाली. शिफ्टला जाताना मी नळी लावून द्यायची. मधे काढायची-लावायची वेळ आली की पप्पा एकटेच धडपडायचे आणि ही दारात उभी राहून बघायची. मला असा राग यायचा! अगं, नवरा धापा टाकतोय आणि तू हाताची घडी घालून उभी? पण बोलून काय उपयोग. तिला कारण हवं होतं, आणि कारण काढणं हा तर माझा धंदा.

मी मशीनच्या कंपनीला फोन लावला. काय बिघडलं, काय बदललं, लेखी द्या म्हटलं.

"मॅडम, मशीन चालू आहे ना? मग डिटेल कशाला?"

अरे वा! आमच्या गिऱ्हाइकाला मी असं बोलले असते तर मला गेटवरूनच घरी पाठवलं असतं. त्यांना वाटलं, बाई केस करणार. मीही चिवट. मेलवर मेल टाकत राहिले. शेवटी रिपोर्ट आला: कंप्रेसर मुळातच सदोष, वापरणाऱ्याची चूक नाही, कंप्रेसर बदलला.

मी आईला मोठ्यानं वाचून दाखवला. तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"तो इंजिनिअर भला माणूस गं," ती म्हणाली. "मी पाण्याचं सांगायला लागले तर म्हणाला, मावशी, हे बोलू नका, वॉरंटी जाईल. माझ्यासाठी लिहिलंय त्यानं तसं."

आता आली का पंचाईत! गच्चीवर जाऊन मी थेट त्या इंजिनिअरलाच फोन केला. रिपोर्ट राहू द्या भाऊ, खरं सांगा, आत पाणी होतं का?

"फिल्टरच्या आतल्या बाजूला ओल होती, ताई. पण त्यानंच बंद पडलं असं नाही सांगता येणार."

"मग कशानं पडलं?"

"ते कुणी बघितलंच नाही. वॉरंटीत आम्ही कंप्रेसर उघडत नाही, अख्खा बदलतो. जुना भंगारात जातो."

म्हणजे कारण कुठंच नव्हतं. आणि आता ते कधी सापडणारही नव्हतं. इतके दिवस भांडून हे मिळवलं मी! फोन फेकून द्यावासा वाटला. खाली आले तर आई जिन्यापाशीच उभी.

"काय म्हणाला?"

"आत पाण्याचा थेंब नव्हता म्हणाला."

"शपथ घेतली त्यानं?"

"पोराबाळांची."

आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं पदराला हात पुसले, आत जाऊन पप्पांच्या नाकाला नळी लावली आणि मशीनचं बटण दाबलं.