राखीव निधी आणि काकूंची व्हॅन

गावाच्या फायनान्स कमिटीवर मी गेलो तो निव्वळ हौसेनं. पगार नाही, चहासुद्धा घरून थर्मासमध्ये न्यायचा. पण मी पडलो पुण्याचा, दुसऱ्याच्या खर्चावर शेरे मारायची संधी सोडतोय कसला! मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्यासारख्या लहान गावात बजेट कुणी नगरसेवक पास करत नाहीत. मे महिन्यात हायस्कूलच्या जिममध्ये टाउन मीटिंग भरते आणि गावातला कुणीही मतदार तिथे जाऊन, हातातलं कार्ड वर करून, एकेका कलमावर मत देतो. कमिटीनं आधी सल्ला द्यायचा, एवढंच.

माझा सल्ला दर वर्षी एकच असे. गाव म्हणजे एक छोटा देशच, पण चलन आपलं नाही. डॉलर वॉशिंग्टनचा, व्याजदर त्यांचे. आपल्यावर वाईट वेळ आली तर आपण नोटा छापू शकत नाही की आपल्यापुरता डॉलर स्वस्त करू शकत नाही. घरपट्टी किती वाढवायची त्यालाही राज्यानं वेसण घातलेली. आपल्या हातात उरतो तो फक्त चांगल्या वर्षांत बाजूला टाकलेला राखीव निधी, तेव्हा त्याला हात लावायचा नाही. आमच्या घरी एफडी मोडणं म्हणजे घराण्याला बट्टा, त्यामुळे हे सांगताना माझा आवाज आपोआप चढायचा. गावातली मराठी मंडळी तर लगेच माना डोलवायची, कारण त्यांच्याही घरी तेच.

मग गावातली सगळ्यात मोठी कंपनी शटर ओढून दुसऱ्या राज्यात गेली. त्याच वर्षी राज्याकडून येणारी मदतही आटली. कपातीची यादी आमच्यापुढे आली, आणि तिच्यात सीनियर सेंटरची, म्हाताऱ्या मंडळींची ने-आण करणारी व्हॅनही होती.

त्या व्हॅननं काकू आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायच्या. काकू आमच्या कुणी नात्यातल्या नव्हेत. मूळच्या नागपूरच्या, काका इथे डॉक्टर होते, ते जाऊन सहा वर्षं झाली. आम्ही व्हिसावर नवे आलो तेव्हा पहिला महिना त्यांच्या बेसमेंटमध्ये काढला, आणि मुलगी झाली तेव्हा माझ्या बायकोचं बाळंतपण त्यांनीच केलं. आता त्यांचा मुलगा टेक्सासला, अर्विंगमध्ये. त्याचं म्हणणं, आई, घर वीक आणि इकडे ये. काकूंचं म्हणणं, व्हॅन आहे तोवर मी माझ्या घरातून हलत नाही.

बायकोनं व्हॉट्सॲपवर ड्रायव्हिंगच्या पाळ्या लावून बघितल्या. दुसऱ्याच आठवड्यात कुणाची तरी ऑफिसची मीटिंग निघाली आणि काकू पर्स मांडीवर घेऊन दोन तास दारात बसून राहिल्या. त्यानंतर त्यांनी पाळ्या बंद करायला लावल्या.

टाउन मीटिंगमध्ये बजेटला अशी दुरुस्ती येणार होती की राखीव निधीतून रक्कम काढून व्हॅन दोन वर्षं चालू ठेवावी. त्याला दोन-तृतीयांश मतं लागतात. मी काय केलं? गावातल्या झाडून सगळ्या मराठी घरांत फोन केले. काढा म्हणणं सोपं असतं, पुढच्या वर्षी काय करणार, वगैरे. काकूंनाही केला. त्यांना वाईट वाटू नये म्हणून अर्धा तास चलन, व्याजदर सगळं समजावलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मी फोन ठेवल्यावर बायकोनं एवढंच विचारलं, "तू निधी सांभाळतोयस की गाव?" मी चिडलो. असा चिडलो की दोन दिवस बोललो नाही.

मीटिंगच्या आदल्या दिवशी मी हट्टानं काकूंबरोबर व्हॅनमधून गेलो. आपण निर्दयी नाही हे स्वतःला पटवायला, दुसरं काय! डायलिसिस सेंटरमध्ये त्यांच्या दंडात सुया गेल्या, अंगावर ब्लँकेट आलं, आणि चार तास करण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी विचार करत बसलो. कंपनी गेली यात गावाची काय चूक होती? चलन आपलं नाही म्हणून तर निधी ठेवायचा, म्हणजे असा धक्का बसला की तो वापरता यावा. इतकी वर्षं मी लोकांना अर्धंच सांगत आलो होतो. जपायचं कसं ते सांगितलं, काढायचं कधी ते मला स्वतःलाच माहीत नव्हतं. आणि फोन तर सगळ्यांना करून झाले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी जिममध्ये कमिटीच्या टेबलाशी बसलो होतो. समोर तिसऱ्या रांगेत आमची मराठी मंडळी ओळीनं, मधोमध काकू. सभा चालवणाऱ्या बाईंनी विचारलं, कमिटीतल्या कुणाला मतदानापूर्वी काही म्हणायचंय का? त्यांनी माझ्याकडेच बघितलं. उठून दोन वाक्यं बोलायची होती, की माझं मत बदललंय. सगळ्यांदेखत तोंडघशी पडायचं या भीतीनं मी मान हलवून नाही म्हटलं. अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुरुस्तीच्या बाजूनं कार्डं वर झाली. आमच्या रांगेत एकही नाही. मग विरोधातली मतं विचारली, आणि ती आख्खी रांग वर झाली. काकूंचा डावा हात दुखरा, त्यांनी उजव्या हातानं कार्ड धरलं होतं, शाळेतल्या मुलीसारखं उंच आणि ताठ, मोजणारीला नीट दिसावं म्हणून. दुरुस्ती पडली. आमची एक रांग फिरली असती तर मंजूर झाली असती.

त्यांना घरी सोडायला मीच गेलो. गाडीत त्या म्हणाल्या की शनिवारी मुलगा येतोय, घर दाखवायला एजंटही आणणार आहे. मला राहवलं नाही. मी विचारलं, "काकू, तुम्ही विरोधात का दिलंत मत?"

"अरे, मला त्यातलं काय कळतं," त्या म्हणाल्या. "तुला कळतं. काढण्यासारखं असतं तर तू उठून बोलला असतास ना?"

मी हो म्हणालो.