आमच्या खानदानाचं जाड हृदय

दवाखान्याच्या बाकावर बसलं की किस्से आपोआप जमतात. आमच्या घराने तर तो बाक वर्षभर अडवला होता, त्यामुळे आमच्याकडे साठाच आहे!

सुरुवात सुरेशदादापासून. माझा थोरला भाऊ, फॅक्टरीच्या टीमचा धावपटू, सराव करताना मैदानातच कोसळला. वाचला. हृदयाचा स्नायू जाड निघाला, छातीत मशीन बसलं, धावणं बंद. मग रक्तात जीनचा दोष सापडला आणि आमच्या हिंदी मुलखातले डॉक्टर म्हणाले, "अब पूरे खानदान को बुलाओ." आम्हाला वडिलोपार्जित काहीच मिळालं नाही म्हणून रडत होतो, घ्या!

जेनेटिक्सवाल्या दीदींनी कागदावर वंशावळ काढली. पुरुष चौकोन, बाई गोल. "घर में कोई अचानक गया?"

"माझे वडील गेले ना जी," काका म्हणाले. "पाटणच्या रस्त्यावर, सायकलवरच. नजर लागली होती."

दीदींनी आजोबांचा चौकोन काळा केला. "काकाजी, ये नजर तीन पीढ़ी से लग रही है!"

मग जावईबापू फुगले. ताईचं नाव तपासणीच्या यादीत, यांचं नाही. "जावयाले काहून वगळलं?" दीदींनी समजावलं, दोष रक्ताच्या नात्यातून येतो, आप तो बाहर के हैं. झालं! लग्नाला पंधरा वर्षं, आणि बाहर के! शेवटी नर्सबाईंनी त्यांचं बीपी मोजलं, तेव्हा कुठे मान राहिला.

दोष माझ्यातही निघाला, पण हृदय अजून ठीक होतं. वर्षाला एक इको, गोळी नाही. मला ते काही पटेना. दोष तोच, मग दादाला तीन गोळ्या आणि मला एकही नाही? गुपचूप त्याची एक घेतली आणि गोहलपुरात भाजीच्या ठेल्यासमोर चक्कर येऊन बसलो. डॉक्टर कडाडले, "दवा है भैया, शर्ट नहीं, कि बड़े का छोटे ने पहन लिया!"

काकांचा किस्सा छोटा आहे. दादा पडल्यापासून "मलेही तेच असन" म्हणत त्यांनी घरच्या गॅस सिलिंडरला हात लावला नव्हता. रिपोर्ट साफ आला. आम्ही पेढे काढले.

काकू म्हणाल्या, "पेढा नंतर. आधी सिलिंडर उचला!"

राहिली माझी लेक समीक्षा. सतरा वर्षांची, दादासारखीच धावणारी. माझा दोष तिच्यात असण्याची शक्यता निम्मी. निकाल येईपर्यंत मी तिचा सराव बंद केला होता, आणि माझी झोपही.

दीदींनी कागद उघडला. "इसमें नहीं है. इसके बच्चों में भी आपसे नहीं जाएगा."

मी भर ओपीडीत रडलो. खरं सांगतो, इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. पोरगी मात्र घरी दादासमोर मान खाली घालून उभी राहिली.

"असं तोंड काहून करून राहिली?" दादाने विचारलं.

"मोठे पप्पा, तुम्हाले आहे ना..."

"मंग? सकाळी साडेपाचले मैदानात ये."

सकाळी मी मागोमाग गेलो. समीक्षा पळत होती. दादा कुंपणाशी खुर्ची टाकून बसला होता आणि सगळं मैदान ऐकेल असा ओरडत होता, "जोरात! अजून जोरात! तुले काही होत नाही!"