सैल दावं

अंबाडीच्या दोरीचा ओला वास आला की कामशेतची भाड्याची खोली आठवते. प्रबंधासाठी लॉगची टेबलं घेऊन मी अणुगर्भातल्या एका न्यूट्रॉनची ऊर्जापातळी काढत होतो. उत्तर दर वेळी प्रयोगापेक्षा वर यायचं. एका सकाळी खिडकीखाली म्हशीचं दावं लांब करत घरमालकीण मावशी म्हणाल्या, “सैल सोडली की लांब चरती, पर खुट्याचीच ऱ्हाती.” मी चमकलो. सैल बांधलेला न्यूट्रॉनही गर्भाबाहेर दूरवर पसरतो, म्हणून त्याची पातळी खाली येते; मी मात्र त्याला आतच कोंडून ठेवलं होतं. दुपारपर्यंत आकडे जुळले. “मावशी, सुटलं गणित!” “मंग घरी कळवा की.” आईला जाऊन वर्ष झालं होतं, घरी दुसरं कोणी नव्हतं. तरी कार्ड आणलं, तिच्या वतीने स्वतःलाच शाबासकी लिहिली, आणि शेवटी माझाच पत्ता घातला. अभिनंदनाचं तेवढं एकच पत्र आजही माझ्यापाशी आहे.