पारोळ्याला ओढलेला चोक

आबांनी पारोळ्याला गाडीचं इंजिन पेट्रोलनं बुडवलं, हा आमच्या घरातला विनोद आहे. लग्न असो, बारसं असो, कुणीतरी तो सांगतो आणि सगळे हसतात. मला त्या हसण्याची चीड येते. स्वतःची तर त्याहून जास्त, कारण ते इंजिन मी बुडवलं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. आज वय चौऱ्याऐंशी. त्यांची जुनी पेट्रोल गाडी माझ्यापेक्षा वर्षभरानं मोठी. डॅशबोर्डखाली चोकची मूठ आहे. थंडीत सकाळी ती ओढली की इंजिनाला हवा कमी, पेट्रोल जास्त मिळतं आणि गाडी चालू होते. तापलेल्या गाडीत ओढली की पेट्रोलचा पूर येतो, प्लग भिजतात, मग काही केल्या ती पेटत नाही. आमच्या घरात हे भाजी निवडणाऱ्यालाही माहीत आहे.

दोन वर्षं मी त्यांच्या मागे लागलो होतो, गाडी चालवणं सोडा म्हणून.

“हात थरथरतात तुमचे.”

“हात थरथरतंस. गाडी नही थरथरत,” ते म्हणायचे. त्यांच्या चाकाखाली कधी कोंबडीही आली नव्हती, आणि याचाच मला राग यायचा. खरं सांगायचं तर त्यांच्या हातून एखादी चूक व्हावी, याची मी वाट बघत होतो.

पाच वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही दोघं जळगावहून सोनगीरला आत्याकडे निघालो. पारोळ्यापर्यंत आबांनी गाडी छान आणली. तिथे चहाला थांबलो. ते बशीत ओतून, फुंकर मारून, सावकाश पीत होते. माझा धीर सुटला. मी जाऊन स्टिअरिंगवर बसलो आणि किल्ली फिरवली. गाडी घरघरली, चालू झाली नाही.

“चोक वढा ना भाऊ, पुरा!” टपरीवरून एकजण ओरडला.

“बैल शे का तो? शेपटी पिरगाळा!” दुसरा.

“म्युझियमले दी टाका!”

मी मूठ पूर्ण ओढली. ॲक्सिलरेटर पाच-सहा वेळा दाबला, पुन्हा किल्ली फिरवली. पेट्रोलचा वास नाकात शिरला तेव्हाच मला कळलं होतं. तरी थांबलो नाही. लोक बघत होते ना.

आबा खिडकीशी आले. हळूच म्हणाले, “गाडी तपेल शे. चोक नको वढू. इंजिनना पंपवर वलं फडकं टाक, थंडा होवू दे, जराखा थांब.”

“तुम्ही जरा गप्प बसता का?” मी सगळ्यांसमोर ओरडलो. ते खिडकीपासून मागे सरकले. मी बॅटरी उतरेपर्यंत किल्ली फिरवत राहिलो.

शेवटी धुळ्याच्या मिस्तरींना फोन केला. गाडी पहिल्यापासून त्यांच्याच हातातली. मला चोक शिकवला तोही त्यांनीच. सत्तरी उलटलेला माणूस पान्यांची पिशवी घेऊन एसटीनं आला. प्लग काढले. काळे, चिंब. त्यांनी एक प्लग माझ्या नाकाशी धरला.

“चोक कोनी वढा?”

मी म्हणालो, “आबांनी.”

विचार करायलाही वेळ घेतला नाही. दोन वर्षांचं भांडण एका शब्दात जिंकता येत होतं, ते मी जिंकलो. आबांनी माझ्याकडे पाहिलं. लोकांपुढे मुलाची लाज राखायची म्हणून की आणखी कशासाठी, ते म्हणाले, “हा, मीच वढा. इसरी गऊ.”

मिस्तरी खाली बघत प्लग पुसत राहिले. “आबा, आते मांगेच बसत जा.”

टपरीवरच्यांनी धक्का मारून गाडी चालू केली. सोनगीरपर्यंत आबा मागच्या सीटवर बसले. त्यानंतर एकदाही त्यांनी गाडी चालवली नाही. घरी सगळे मला म्हणाले, बरं झालं, तू वेळीच ओळखलंस. आणि मी ते ऐकून घेतलं!

गेल्या महिन्यात आबा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. “आबा, पारोळ्याला चोक मी ओढला होता. तुम्ही मला अडवत होतात.”

“नही रे. तू तं टपरीवर व्हता,” ते म्हणाले. “माले याद शे. मूठ हातले चिकटी गयथी.”

“आबा, मी होतो! मी खोटं बोललो!”

मी पुन्हा त्यांच्यावरच ओरडत होतो. त्यांना वाईट वाटलं ते माझ्यासाठी; माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “बरं, बरं.” हट्टी पोराला म्हणतात तसं. माझ्या एका खोट्या शब्दावर ते इतकी वर्षं बोलणी आणि हसणं ऐकत आले, आणि आता तो खोटेपणा त्यांच्या हाताला आठवतो.

मी आत जाऊन गाडीची किल्ली आणली, त्यांच्या पुढ्यात ठेवली. “चला. कोपऱ्यापर्यंत. तुम्ही चालवा.”

त्यांनी टरफलं झटकली, किल्ली माझ्याकडे सरकवली.

“नको. परत बुडाडसू मी.”