जंतूंची साखर आणि आईची मशेरी

फोन दादाचा होता. "मने, वैशाली गेली... ये," एवढंच बोलला. काविळीचं दुखणं, महिनाभरात उतार पडेल असंच आम्ही धरून चाललो होतो. बदलापूरहून उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या घरी पोहोचेपर्यंत मला एकाच गोष्टीची धास्ती होती... आईला सुनेचं कोण सांगणार?

वैशालीवहिनी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत हिरड्यांच्या रोगाच्या जंतूंवर काम करायची. आम्ही तिला 'जंतूवाली' म्हणून चिडवायचो. या जंतूंच्या अंगावर साखरेचं आवरण असतं आणि ते दातांवर एकमेकांना चिकटून थर करतात, हे तिनेच आम्हाला समजावलं. "मग माझ्या चहातली साखर बंद करू का?" आईने विचारलं. "तुमची नाही ओ आई, त्यांच्या अंगावरची," वहिनी हसत म्हणाली. आवरण नसलं की जंतू चिकटणार नाहीत, असा तिचा अंदाज होता. झालं उलटंच. बिनसाखरेच्या जंतूंचा थर आणखी जाड जमला. न चिकटलेले जंतू धुऊन काढण्यात आपणच कमी पडलो असं समजून तिने सगळं पुन्हा केलं, तरी तेच. अंदाज चुकला, पण नवीनच काही हाती लागलं म्हणून त्या दिवशी ती जिलेबी घेऊन घरी आली.

तिचं खरं भांडण मात्र घरातल्या मशेरीशी होतं. आईच्या हिरड्यांतून रक्त यायचं, आणि रक्त आलं की आई आणखी जोर लावून मशेरी घासायची. पुढचे दोन दात त्यातच गेले. "उरलेले तरी माझ्यासाठी ठेवा," वहिनी काकुळतीला यायची. आई तोंड फिरवायची. हॉस्पिटलमध्ये शेवटची भेटले तेव्हाही वहिनीने हेच विचारलं, "आईंनी मशेरी सोडली?" मी मान हलवली, नाही. "असू दे. घरी आले की बघते मी. तू टेन्शन नको घेऊ..."

वहिनी जाऊन आता काही महिने झाले. गेल्या आठवड्यात मी आईकडे राहिले होते. सकाळी मोरीपाशी ती मऊ ब्रशने हळूहळू दात घासत होती. मशेरीचा डबा कुठेच दिसेना. चूळ भरून तिने वाकून पाहिलं, रक्त नव्हतं. कामावर निघण्याआधी वहिनी रोज बॅटरी घेऊन तिच्या हिरड्या बघायची. आईने सवयीने मान वर केली, आ केला, आणि डोळे मिटून तशीच बसून राहिली...