दिनकरकाकांची राखण

दिनकरकाका गेल्याचं मला नवव्या दिवशी कळलं. चाकणला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ताट घेऊन बसलो होतो आणि अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी सुजाता, दिनकर सोनवण्यांची मुलगी. पप्पा गेले. त्यांच्या कॉम्प्युटरवर एक कागद चिकटवलाय, काही अडलं तर कोणाला विचारायचं त्याचा. त्यात पहिलं नाव तुमचं आहे." हार्ट अटॅक आला, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही, असं ती सांगत होती. आपल्या ग्रुपवर कोणालाच कसं कळलं नाही, असं मी विचारणार होतो, तेवढ्यात आठवलं... कळणार कसं? काकांना ग्रुपमधून मीच काढलं होतं.

ग्रुप म्हणजे आमची साठेक जणांची मंडळी. आपले फोटो, कागदपत्रं, गाणी कुठल्या बड्या कंपनीच्या हवाली करायची नाहीत, घरातल्याच जुन्या कॉम्प्युटरवर सांभाळायची, हे आमचं वेड. त्या कॉम्प्युटरला आम्ही ऐटीत सर्व्हर म्हणतो. ग्रुप मी सुरू केला, त्यामुळे नियमही माझेच. पहिला नियम असा की इथे सगळं उघड. प्रश्न उघड, उत्तर उघड, आणि कोणी स्वतः प्रोग्राम लिहिला तर त्याचा कोडही उघड. न बघितलेला कोड घरात चालवायचा म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती किल्ली देणं, हे मी इतक्या वेळा लिहिलंय की बायको ते वाक्य पाहुण्यांना म्हणून दाखवते.

दिनकरकाका आमच्यात वयाने सगळ्यात मोठे. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढून रिटायर झालेले, राहायला काळेवाडीत. कोणीतरी भंगारात काढलेला कॉम्प्युटर त्यांनी आणला आणि त्यावर विहारातल्या कार्यक्रमांचे, जुन्या मोर्चांचे, वस्तीतल्या लग्नांचे फोटो साठवायला घेतले. ग्रुपवर आले ते "सर्वांना जय भीम, एक शंका आहे" असं म्हणत. सोबत मोबाइलने काढलेला स्क्रीनचा वाकडातिकडा फोटो होता, आणि त्या फोटोत त्यांचा पासवर्ड ढळढळीत दिसत होता.

आता आमच्यात एक प्रथा होती. प्रथा कसली, माझीच कल्पना. शनिवारची चिरफाड. आठवड्यात कोणी केलेली ढोबळ चूक उचलायची, नावासकट सगळ्यांपुढे ठेवायची आणि ओळीओळीने सोलायची. त्यातून सगळे शिकतात, असं मी म्हणायचो, आणि शिकायचेही. पण खरं सांगायचं तर मला मजा यायची. त्या शनिवारी मी काकांचा फोटो घेतला. पासवर्ड म्हणजे कारखान्यातला त्यांचा टोकन नंबर होता, चौतीस वर्षं गेटवर सांगितलेला. त्यावर मी एक विनोद केला. तो इथे लिहीत नाही, लिहायची लाज वाटते. पन्नासभर हसरे चेहरे पडले. काकांनी खाली एवढंच लिहिलं, "बदलला. आभारी आहे."

त्यानंतर त्यांनी ग्रुपवर एकही शंका विचारली नाही. मला वाटलं, माणूस तयार झाला.

वर्षभराने चऱ्होलीला एका मित्राच्या सोसायटीत आम्ही जमलो होतो, तिथे त्यांनी स्वतः लिहिलेला प्रोग्राम दाखवला. नाव ठेवलं होतं 'राखण'. आम्ही सगळे डेटाची दुसरी प्रत काढून ठेवतो आणि निर्धास्त होतो, ती प्रत वेळेला उघडेल का हे मात्र कोणी बघत नाही. काकांची राखण रोज सकाळी त्या प्रतीतला कुठलाही एक फोटो उचलायची आणि तुमच्या मोबाइलवर पाठवायची. फोटो दिसला म्हणजे प्रत धड आहे. "नग हातात घेऊन, गेज लावून माप तपासल्याशिवाय पास म्हणायचं नाही, टूलरूमची सवय," असं म्हणून ते हसले. इतकी साधी गोष्ट आम्हा इंजिनिअरांपैकी एकालाही सुचली नव्हती.

ज्याला हवी त्याच्या घरी काका स्वतः स्कूटरवरून जायचे. चहा घ्यायचे, राखण बसवायचे, काही बिघडलं तर मला फोन करा म्हणायचे. अकरा घरी त्यांनी ती बसवली, त्यातलं एक माझं. कोड मात्र देत नव्हते. मागितला की "थोडं थांबा, अजून साफ करतोय" असं म्हणायचे. मी दोन महिने थांबलो आणि मग ग्रुपवर तत्त्वाचा प्रश्न केला. नियम सगळ्यांना सारखा, काकांना वेगळा का? काहींनी समजावलं, जाऊ दे राव, म्हातारा माणूस आहे. मी ऐकतोय कसला! उद्या तुम्ही नसलात तर आम्ही हे कोणाकडे दुरुस्त करायचं, असं मी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं. त्यावर त्यांनी मला एकट्याला मेसेज केला, "रविवारी घरी या. कोड दाखवतो. बघून सांगा." मी उत्तर दिलं, "मला एकट्याला नको. जे असेल ते ग्रुपवर टाका." आठ दिवस वाट बघितली आणि त्यांना काढून टाकलं. मुद्दा माझा बरोबर होता, आजही बरोबर आहे, पण तो माणूस मला घरी का बोलावतोय, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नाही.

त्या घरी मी गेलो तो ते गेल्यावर. दोन खोल्या, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली टेबलावर तो कॉम्प्युटर. सुजाताने चहा ठेवला आणि म्हणाली की पप्पा तुमच्याबद्दल नेहमी सांगायचे, खूप हुशार पोरगा आहे, पण चिडतो. मला तिच्याकडे बघवेना. मी कॉम्प्युटरकडे वळलो. त्यात राखणीच्या कोडच्या चौदा प्रती होत्या. एकाहून एक नीट करत नेलेल्या, प्रत्येक ओळीपाशी मराठीत समजावून लिहिलेलं. शेवटची प्रत त्यांना काढलं त्याच्या चार दिवस आधीची होती. नियमाप्रमाणे सगळ्यांना खुली करायची म्हणून तयार केलेली... फक्त पाठवायची राहिलेली. अगदी वर, पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, "चूक दिसली तर कृपया मला खाजगीत सांगा. सगळ्यांसमोर नको."

चहावर साय धरली. शेवटी मी सुजाताला सगळं सांगितलं, तो शनिवार, तो विनोद, त्यांना काढलं ते. ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिने स्क्रीनवरची ती पहिली ओळ वाचली आणि विचारलं, "हे आता ग्रुपवर टाकता येईल का?" मी म्हटलं, तुमची परवानगी असेल तर. ती म्हणाली, "टाका. ती ओळ मात्र काढू नका."

घरी येऊन मी ग्रुपवर आधी काका गेल्याचं लिहिलं, मग माझं काय चुकलं ते, नावासकट आणि ओळीओळीने, आणि त्याखाली राखणीचा कोड ठेवला. चिरफाड बंद झाल्याचंही लिहिलं. कोडमध्ये एक चूक आहे, मला काळेवाडीतच दिसली होती. फोटोच्या फाइलच्या नावात जागा सुटलेली असली की राखण तो फोटो बिघडला असं समजते. फार मोठी नाही, पण आमचा ग्रुप असल्या गोष्टीवर एरवी हाडूक दिसल्यासारखा तुटून पडतो. मी दिवसभर मोबाइल हातात धरून होतो. ग्रुपवर श्रद्धांजली आल्या, आठवणी आल्या, चुकीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

संध्याकाळपर्यंत चार जणांनी ती चूक मला खाजगीत कळवली. चौघांनीही मेसेज काकांनाच लिहिला होता, सुरुवात "काका" अशी, आणि काका नाहीत तर आता हे सांगायचं कोणाला, म्हणून मला पाठवला होता.